पालाची काठी

बऱ्हाणपूरला जायचे तर माणसाजवळ काही ना काही कारण असते. कुणी असीरगडासाठी जातो, कुणी कुंडी भंडारा पाहायला, कुणाचे आजोळ तेथे असते. आणि परतताना माव्याच्या जिलेबीचा आणि दराब्याचा पुडा तर सगळेच आणतात. मी या वर्षी गेलो तो एक काठी विकत घ्यायला. हे ऐकून आमच्या सूनबाई हसल्या नाहीत, यावरून प्रकरण किती गंभीर होते ते वाचकांच्या ध्यानी येईल.

प्रकरण गेल्या वर्षीच्या दिवाळीचे. नातीला तेरावे लागले होते. इंदूरच्या आमच्या घरात तिने असीरगडाच्या गोष्टी माझ्याच तोंडून ऐकलेल्या; गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो, ही तर पन्नास वेळा. तेव्हा सुट्टीत आपण बऱ्हाणपूरहून असीरगडापर्यंत पायी जायचे, असा बेत आम्ही दोघांनी ठरवला. सडकेने हे अंतर वीस-बावीस किलोमीटर आहे. शेतवाटांनी जायचे, निंबोल्याच्या अलीकडे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी गडाचा पायथा गाठायचा. मुक्कामाला तंबू न घेता पाल घ्यायचे, हा माझा आग्रह. हे पाल भिंतीवरचे नव्हे, हे नातीच्या मैत्रिणींना समजावून सांगावे लागले. भटक्या लोकांचे पाल आपण सर्वांनी गावाबाहेरच्या माळावर पाहिलेले असते. एक कापड, दोन काठ्या, चार-सहा मेखा आणि दोर. बाजू उघड्या, वारा खेळता, आणि सगळे मिळून वजन तंबूच्या निम्म्याहूनही कमी. माझ्या गुडघ्याची तक्रार जुनी आहे आणि पाठीवर सात किलोंपेक्षा जास्त घ्यायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे, म्हणून वजनाचा हा हिशोब.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास अवकाळी वारा सुटला, मागोमाग पाऊस आला, आणि अर्ध्या तासाच्या आत पाल आमच्या अंगावर आले. ओले कापड तोंडावर पडले की माणूस कसा घाबरतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. विजा कडाडत होत्या. शेतकऱ्याच्या पक्क्या खोलीत आम्ही धावत जाऊन पोहोचलो, तोवर पोर नखशिखांत भिजली होती. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. गड दुरूनच पाहून आम्ही परत आलो. ताप तीन दिवस राहिला. घरात त्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. आणि आमच्या घरी कुणी काही बोलले नाही, की ते जास्त लागते.

या वर्षी नातीने पुन्हा विषय काढला, तेव्हा सूनबाई एवढेच म्हणाल्या, “जा. पण बाबा, या वेळी पाल पडता कामा नये.”

पाल का पडले, याचा विचार मी वर्षभर केला. काठी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतलेली होती: ॲल्युमिनियमच्या नळ्या एकात एक सरकवून पिळून घट्ट करायच्या, अशा जातीची. प्रथम सगळा दोष मी तिलाच दिला, कारण सकाळी ती मधोमध वाकलेली सापडली. पुढे आमच्या एका निवृत्त अभियंता स्नेह्यांपाशी गाऱ्हाणे मांडले, तर त्यांनी मलाच उलट विचारले, “उंची किती ठेवली होती?” मी म्हणालो, सहा फूट, खाली उभे राहून कपडे बदलता यावेत म्हणून. त्यावर त्यांनी कागद ओढला आणि जे समजावले ते मी येथे माझ्या शब्दांत देतो.

पालाची काठी सहसा भाराने चेंगरून मोडत नाही. ती मधे फुगते, वाकते आणि मग बसते. असे वाकण्याआधी काठी किती भार सोसेल, हे तिच्या लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात ठरते. म्हणजे तीच काठी दुप्पट लांब केली, तर भार सोसण्याची शक्ती निम्मी न होता चौथाई होते. चार फुटांची सहा फूट केली, तर निम्म्याहूनही कमी उरते. जाडीचे गणित याच्या उलट: भरीव काठीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट वाढतो. म्हणून हलकी काठी हवी असेल, तर ती बारीक करून हलकी करू नये; आखूड करून हलकी करावी. आणि काठीवर भार येतो कुठून? कापडाचे वजन तर अर्धा-पाऊण किलो. पण दोरांचा ताण सतत काठीला खाली दाबत असतो, आणि वारा कापडात भरला की तो ताण अनेक पटींनी वाढतो. सहा फुटांचे पाल वाऱ्याला छातीही जास्त देते. मी उभे राहून कपडे बदलण्याच्या सोयीसाठी काठीचे बळ निम्म्यावर आणले होते आणि वाऱ्याचे काम दुप्पट सोपे करून दिले होते.

एवढे कळल्यावरही काठी कोणती घ्यायची हा प्रश्न होताच. आमचे स्नेही कार्बन तंतूंच्या नळीच्या बाजूचे. चार फुटांची नळी साधारण पाऊणशे ते शंभर ग्रॅमची. तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची दीडशेच्या आसपास. हे आकडे मोहात पाडणारे आहेत, यात शंका नाही. पण कार्बनची नळी दगडावर आपटून तिला चीर गेली, की पुढे ती न सांगता मोडते. आणि निमाडातल्या खेड्यात ती दुरुस्त करून देणारा कोण मिळणार? ज्यांना हिमालयात पंधरा-पंधरा दिवस चालायचे आहे आणि तोळ्यातोळ्याचा हिशोब ठेवायचा आहे, त्यांनी ती खुशाल घ्यावी. दोन झाडांमध्ये दोर बांधून पाल घालावे, म्हणजे काठीच नको, असेही कुणी सुचवील. सह्याद्रीत ते जमेल. आमच्या वाटेवर दोन्हीकडे कापसाची आणि केळीची शेते. केळीच्या खोडाला दोर बांधला तर पाल आणि केळ दोन्ही एकदम आडवी होतील.

गणपती उठल्यावर मी एकटाच बऱ्हाणपूरला गेलो.

स्टेशन लालबागेत, गाव तेथून काही अंतरावर. रिक्षात बसलो की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. हे गाव कापडाचे. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला, तेव्हाही येथले तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पण मला त्या दिवशी बऱ्हाणपूर दिसत होते ते तंबूंचे गाव म्हणून. फारूकी सुलतानांनी वसवलेले हे शहर अकबराने घेतले आणि १६०१ मध्ये असीरगडही त्याच्या हाती आला. त्यानंतर दक्षिणेत उतरणारी प्रत्येक मोगल फौज येथेच डेरा टाकत असे. शहाजहान येथे होता तेव्हाच, १७ जून १६३१ रोजी, मुमताजमहल बाळंतपणात वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला प्रथम दफन केले गेले. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये येथेच मरण पावला. मोहना आणि तापीच्या संगमावर त्याची छत्री आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने हे शहर लुटले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः येथे येऊन उतरला. एवढ्या सगळ्या छावण्यांच्या काठ्या कुठून आल्या असतील, असा प्रश्न इतिहास वाचताना मला पूर्वी कधी पडला नव्हता.

ऐन-ए-अकबरीत तंबूंचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ‘बारगाह’ नावाच्या सर्वांत मोठ्या तंबूखाली दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभारायला एक हजार फर्राशांना यंत्रांच्या मदतीने आठवडा लागे, असे अबुल फझल सांगतो. बादशाही मुक्कामाचे हे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल. त्याच यादीत ‘चोबीन रावटी’ हे नाव येते आणि आपली राहुटी एकदम ओळखीचे हसते. ‘चोब’ म्हणजे लाकूड, काठी. आपला चोबदार तो हाच. मधला खांब नसलेल्या तंबूला ‘बेचोबा’ म्हणत. आमच्या मराठी फौजांचा लौकिक याच्या उलट होता. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावाने बऱ्हाणपूरवर चालून जाण्याची हूल दिली आणि निजामाला आपल्या मागे धावायला लावले. निजामाचा जड तोफखाना मागे राहिला आणि व्हायचे ते झाले. पाठीवर सात किलो घेणाऱ्या माणसाला ही लढाई अधिक चांगली समजते.

बांबूच्या वखारीत एक वृद्ध बुरूड सूप विणत बसले होते. मी काठी हवी म्हटल्यावर त्यांनी मान वर न करताच विचारले, “केळीला की मांडवाला?”

मी म्हणालो, “बाबा, खाली झोपायला.”

तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवले. माझी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, “मग पोकळ नका घेऊ दादा, मानवेल घ्या.”

मानवेल म्हणजे सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणारा बांबू. लाठ्या होतात त्या याच्याच. आपल्याकडचा कळक जाड आणि पोकळ असतो, त्याचे वासे होतात. मानवेल बारीक, पण आत भरीव किंवा जवळजवळ भरीव. कोरड्या जमिनीत वाढलेला अधिक भरीव निघतो. वाटेत जंगल लागतेच, तेथूनच एखादी तोडून घेऊ, असा विचार कुणाच्या मनात येईल म्हणून सांगतो: २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातले बंधन सुटले ते जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरते. राखीव जंगलातला बांबू तोडणे आजही गुन्हा आहे. आणि ओली काठी कामाचीही नसते. ती सुकताना वाकते.

बाबांनी ढिगातून आठ-दहा काठ्या ओढल्या आणि निवड कशी करायची ते दाखवले. आधी काठी डोळ्याशी धरून तिच्या लांबीवरून नजर टाकायची. बाक लगेच दिसतो. थोडा बाक असेल तर विस्तवावर शेकून काढता येतो, पण बाक पेरागणिक बदलत असेल तर ती सोडून द्यायची. पेरे जवळजवळ असावीत. रंग हिरवा नको, पिवळा हवा. बारीक छिद्रे आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर आत घुण आहे. कोवळ्या, भर पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर आणि सत्त्व अधिक, म्हणून किडा तोच आधी धरतो. तीन वर्षांचा, थंडीत तोडलेला टिकतो. शेवटी काठी फरशीवर उभी आपटायची. “हे कानाचं काम आहे,” बाबा म्हणाले. धड काठी खणखणीत वाजते. चीर असलेली बद्द बोलते. माझ्या हाती दिलेल्या तीन काठ्यांपैकी एक मला उत्तम वाटली होती, ती नेमकी बद्द बोलली. चीर मला शोधूनही सापडेना. बाबांनी पेराखाली नख फिरवले आणि ते अडकले.

दोन काठ्या घेतल्या. खालचे टोक पेराच्या लगेच खाली कापून घेतले, म्हणजे जमिनीवर टेकते ते भरीव गाठीचे. वरचे पेराच्या लगेच वर. वरच्या टोकात बोटभर सागाची खुंटी ठोकून दिली, पालाची कडी अडकवायला. खुंटी ठोकल्याने टोक फाटू नये म्हणून त्याच्या खाली दोन इंच सुती दोरी घट्ट गुंडाळली. पैसे देताना मी घासाघीस केली नाही, आणि ही आमच्या घराण्यात नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर काठ्या ठेवल्या: एक दोनशे नव्वद ग्रॅम, दुसरी तीनशे दहा. कार्बनच्या तिप्पट-चौपट! क्षणभर मन खट्टू झाले. पण रिक्षापर्यंत जाताना काठी आपोआप हातात आली, टेकली गेली, आणि दुखरा गुडघा बरा चालू लागला; तेव्हा लक्षात आले की डॉक्टरांची ताकीद पाठीवरच्या ओझ्याची आहे. चालताना हाताला आधार देणारी काठी पाठीवर नसतेच. दुकानातल्या शंभर ग्रॅमच्या नळीला दिवसभर पाठीवर घेऊन हिंडावे लागते. ही तीनशे ग्रॅमची दिवसा मला नेते आणि रात्री पालाला धरते.

त्याच दिवशी निंबोल्याकडच्या त्या शेतकऱ्याला भेटून आलो. गेल्या वर्षी त्यांचे आभारही धड मानले नव्हते. कांदेबागेतल्या केळीचे घड भरत आले होते आणि प्रत्येक झाडाला बांबूचा टेकू होता. कुठे एक, कुठे दोन बांबूंची कैची. वीस-पंचवीस किलोंचा घड म्हणजे त्या मऊ खोडाला एका बाजूने लोंबणारे ओझे. मे-जूनच्या वादळात रावेर-बऱ्हाणपूरच्या या पट्ट्यात पाव तासात बागांच्या बागा आडव्या होतात. वर्षभराची कमाई चिखलात. पालाखाली भिजलेल्या माणसाने याविषयी फार बोलू नये, म्हणून मी ऐकत राहिलो. ते एका टेकूपाशी वाकले आणि म्हणाले, “काका, तुमची काठी वाकली ती नंतर. आधी ती खचली.”

त्यांनी टेकूच्या बुडाची माती सारली. खाली फुटक्या कौलाचा तुकडा होता. ही काळी माती पाण्याने लोण्यासारखी होते, काठीचे टोक दोन-चार बोटे आत जाते, तेवढ्याने सगळे दोर सैल पडतात आणि सैल पाल वाऱ्यात शिडासारखे फडफडते. फडफडीचे हिसके काठीला मोडतात. शिवाय माझे दोर नायलॉनचे होते, ते भिजले की ताणून लांब होतात. निजण्यापूर्वी एकदा पुन्हा ताणायला हवे होते. म्हणजे अभियंत्यांनी सांगितलेले कारण खरे होते, पण त्याआधीचे कारण कागदावर दिसण्याजोगे नव्हते. ते कौल मी मागून घेतले. त्यांना हसू आवरेना.

महिनाभर काठ्यांना जवसाचे तेल पाजले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पुन्हा निघालो, प्रत्येकाच्या हाती एक काठी. उतावळी ओलांडून बाहेर पडलो तेव्हा ऊन कोवळे होते. दुपारी एका लिंबाखाली मांडे आणि आंब्याचे लोणचे खाल्ले. संध्याकाळी त्याच बांधावर पाल घातले. या वेळी उंची चार फूट. आत रांगत जावे लागते, कपडे बसून बदलावे लागतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. काठ्यांच्या बुडाशी कौलाचे तुकडे, पाठ वाऱ्याकडे, मेखा पालापासून दूर आणि तिरप्या ठोकलेल्या. नातीने सगळे दोर वाजवून पाहिले. बाबांची कानाची गोष्ट मी तिला सांगितली होती. विजेचे चिन्ह दिसले तर पाल-बिल सोडून थेट खोलीत पळायचे, हे आधीच ठरवून ठेवले. विजेपुढे कुठलीच काठी चांगली नाही.

रात्री दीडला वारा आला. पाऊस नव्हता, पण वारा चांगला होता. केळीची पाने फाटल्याचा आवाज बांधापलीकडून येत होता. मी काठीला हात लावून पडून राहिलो. प्रत्येक झोताबरोबर ती किंचित थरथरे आणि पुन्हा गप्प होई. तासाभराने उठून दोन दोर ताणले. पोर ढिम्म झोपली होती, तोंड उघडे.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गडाच्या पायथ्याशी पोहोचलो. रात्र गावात एका ओळखीच्यांकडे काढली आणि पहाटे चढलो. पायथ्यापासून गड अडीचशे मीटरांवर उंच. गुडघ्याने कुरकूर केली, काठीने ऐकून घेतली. शिवमंदिरात पिंडीवर फुले होती. नातीने ती बराच वेळ न्याहाळली आणि मला काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. तटावरून दक्षिणेला तापीचे खोरे धुक्यात दिसत होते.

उतरताना एका दगडी पायरीवर मी काठी निष्काळजीपणाने टेकली आणि सपशेल बसलो. लागले नाही. तेवढ्यात सूनबाईंचा फोन आला, नातीने घेतला. पलीकडून काय विचारले ते मला ऐकू आले नाही.

“नाही गं आई,” ती म्हणाली, “पाल नाही पडलं. आबा पडले.”